अपलोडची वाट आणि मुलांची कागदपत्रे

संस्थेच्या संकेतस्थळावर माजी विद्यार्थी छायाचित्र पाठवतो. पालक प्रवेशअर्जाला मुलाचा जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँक पासबुकाचे पान जोडतात. या दाखल्यांसाठी तहसील कार्यालयाच्या किती फेऱ्या होतात, हे आपल्या समाजाला सांगायला नको. म्हणूनच ‘अपलोड’च्या बटणामागे काय घडते, ते थोडक्यात मांडावे असे आम्हांस वाटले.

लहान संस्थांची अनेक संकेतस्थळे वर्डप्रेससारख्या तयार प्रणालीवर उभी असतात. तिला अर्ज, छायाचित्रसंग्रह अशा कामांसाठी ‘प्लगइन’ नावाचे जोडभाग लावता येतात. आलेली फाइल सर्व्हरवरील एका फोल्डरमध्ये जाते. ती छायाचित्र असेल तर नुसती पडून राहते. परंतु वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेत लिहिलेले आहे, त्याच भाषेतील फाइल कोणी आत सरकवली, तर तिचा पत्ता उघडताच सर्व्हर तिच्यातील आज्ञा पाळू लागतो. मग पाठवणारा दूर बसून संस्थेची कागदपत्रे वाचू शकतो, बदलू शकतो, पुसूही शकतो. अशा फाइलला ‘वेबशेल’ म्हणतात.

ती आत येते कशी? पाठवणारा म्हणतो, ‘हे छायाचित्र आहे’, आणि प्रणाली विश्वास ठेवते. केसपुत्त गावी तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपण मुलांना शिकवतो: कोणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या. येथे नेमकी ती पारख राहून जाते. ओझरच्या विमान कारखान्यात तरी ‘मी कामगार आहे’ एवढ्या शब्दावर कोणाला आत सोडतील?

सप्टेंबर २०२० मधील प्रकरण बोलके आहे. शाळा बंद होत्या, कारभार ऑनलाइन आला होता. ‘फाइल मॅनेजर’ हे प्लगइन तेव्हा जगभरातील सुमारे सात लाख वर्डप्रेस संकेतस्थळांवर होते. त्यात नमुन्यादाखल आलेल्या एका फाइलचे नाव बदलल्यामुळे ती थेट चालू लागली होती. परिणामी पासवर्ड नसलेला कोणीही परका मनुष्य हवी ती फाइल चढवू शके. १ सप्टेंबरला ६.९ ही दुरुस्त आवृत्ती आली, पण हल्ले आधीच सुरू झाले होते. यातला एक बारकावा महत्त्वाचा: प्लगइन नुसते ‘निष्क्रिय’ करून भागत नव्हते. ती फाइल फोल्डरमध्ये असेतोवर वाट उघडीच राही. प्लगइन अद्ययावत तरी करावे लागे, नाही तर पूर्ण काढून टाकावे लागे.

१४ जून २०२२ रोजी ठाणे पोलिसांचे संकेतस्थळ हॅक झाले, तेव्हा हल्लेखोरांचा संदेश पडद्यावर झळकला आणि लगेच सर्वांना कळले. वेबशेल असा ओरडत नाही. तो महिनोन्‌महिने निमूट बसून राहू शकतो. आमच्या मते हीच अधिक गंभीर बाब आहे, कारण मुलाची जात, पत्ता आणि आधार क्रमांक एकदा बाहेर गेला की परत आणता येत नाही.

संकेतस्थळ सांभाळणाऱ्यास विश्वस्तांनी व पालकांनी काही गोष्टी विचाराव्यात. ठरावीक प्रकारच्याच फाइली स्वीकारल्या जातात का, आणि केवळ नावाचे शेपूट न पाहता आतला मजकूरही तपासला जातो का? आलेल्या फाइलीला नवे नाव दिले जाते का? अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणे बंद केले आहे का? हे शेवटचे सर्वांत मोलाचे, कारण पारख चुकली तरी आत आलेली फाइल निर्जीव राहते. न वापरलेली प्लगइन काढावीत. दाखले तर तपासणी होताच संकेतस्थळावरून हलवावेत. ती जागा दप्तरखाना नव्हे.

वेबशेल सापडलाच, तर तेवढी एक फाइल पुसून थांबू नये. दुसरी प्रत अन्यत्र दडलेली असू शकते. नोंदी जपून ठेवाव्यात, हल्ल्यापूर्वीच्या स्वच्छ प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभारावे, सर्व पासवर्ड बदलावेत. सायबर पोलिसांकडे तक्रार द्यावी, केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ला कळवावे, आणि ज्यांची कागदपत्रे तेथे होती त्या पालकांना त्याच दिवशी सांगावे.