तराजू आणि समीकरण

पांढुर्णा व सौंसर हा संत्र्यांचा मुलूख. तेव्हा समीकरण तेथल्याच बाजारात मांडलेले बरे. पांढुर्ण्याच्या बागायतदाराजवळ संत्र्यांच्या ६ पेट्या व रोख २,००० रुपये आहेत. सौंसरच्याजवळ तशाच १० पेट्या, पण डोक्यावर ४०० रुपये कर्ज. दोघांची ऐपत सारखी. तर पेटीची किंमत किती?

त्या अज्ञात किमतीस ‘क्ष’ म्हणू.

६क्ष + २००० = १०क्ष − ४००

हा तराजूच होय. दोन्ही पारड्यांतून ६ पेट्या उचलल्या, तरी दांडी ढळत नाही:

२००० = ४क्ष − ४००

दोहोंत ४०० घातले, की कर्ज फिटले:

२४०० = ४क्ष

म्हणून क्ष = ६००. ताळा पाहावा: दोन्हीकडे ५,६०० येतात.

‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ असे मुले घोकतात आणि नेमकी तेथेच चुकतात. चिन्ह आपोआप बदलत नाही. दोन्हीकडे सारखी भर घातल्याने ते बदललेले दिसते, एवढेच.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (सुमारे ११५०) असेच उदाहरण आहे. अव्यक्तास तेथे ‘यावत्-तावत्’ म्हटले आहे. एकाजवळ ६ घोडे व ३०० नाणी, दुसऱ्याजवळ १० घोडे व १०० नाण्यांचे ऋण, संपत्ती समान. घोड्याची किंमत श्रोत्यांनीच काढून पाहावी.