वजनकाटा जे सांगत नाही

कर्करोगाचे उपचार सुरू असलेल्या घरात वजनकाट्याला फार मोठा मान मिळतो. काटा किलोभर वर गेला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. खाली आला की स्वयंपाक करणाऱ्या बाईला उगाच अपराधी वाटू लागते. आहारतज्ज्ञ म्हणून अशा कुटुंबांशी बोलताना मला पहिला प्रश्न बहुधा हाच येतो : ‘वजन वाढायला काय देऊ?’ त्यावर मला उलट विचारावे लागते, की वजन कशाचे वाढवायचे?

स्नायू, चरबी, हाडे, पाणी या सगळ्यांची बेरीज म्हणजे आपले वजन. काटा फक्त बेरीज दाखवतो. पोटात पाणी साठले किंवा पायांवर सूज आली तरी तो वर जातो. मळमळ थांबावी म्हणून दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडने भूक लागते, चरबीही वाढू शकते. पण तेच औषध जास्त दिवस घेतले तर स्नायू झिजवते. स्तनाच्या कर्करोगात केमोथेरपीच्या काळात अनेकींचे वजन वाढते, तेही मुख्यतः चरबीमुळे.

मग स्नायू मोजायचे कसे? कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांचे सीटी स्कॅन झालेलेच असते. त्यातला कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा एक छेद घेऊन स्नायूंचे क्षेत्रफळ काढता येते. त्यावरून सबंध शरीरातील स्नायूंचा अंदाज बांधतात. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात कार्ला प्राडो, विकी बाराकोस आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या व पचनसंस्थेच्या कर्करोगाच्या २५० लठ्ठ रुग्णांची अशी स्कॅन तपासली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांपैकी १५ टक्के रुग्णांचे स्नायू फारच कमी झालेले आढळले. दिसायला भरलेले हे रुग्ण इतर लठ्ठ रुग्णांपेक्षा कमी काळ जगले. केमोथेरपीचा डोस बहुधा उंची आणि वजनावरून ठरतो. त्यामुळे वजन सारखे पण स्नायू कमी, अशा माणसाला तोच डोस अधिक त्रासदायक ठरू शकतो.

आपल्याकडे ही गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्याच शरीरांची तुलना छापली होती. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! तो लेख कर्करोगाविषयी नव्हता; भारतीय शरीर बारीक दिसले तरी त्यात चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्यातून लोकांच्या लक्षात आले. म्हणजे आपल्यापैकी अनेकांची स्नायूंची शिल्लक आजार येण्याआधीच बेताची असते.

कर्करोग याच शिल्लकेवर हात टाकतो. नुसत्या उपासमारीत शरीर हळूहळू चरबी जाळू लागते आणि स्नायू शक्य तितके राखते. कर्करोगात गाठ आणि तिच्याशी झगडणारी प्रतिकारयंत्रणा यांच्याकडून दाहाचे रासायनिक संदेश सुटतात. ते भूक मारतात आणि स्नायूंतील प्रथिनांचे विघटन वाढवतात. या अवस्थेला कॅकेक्सिया म्हणतात. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन आपोआप घटणे ही २०११ साली तज्ज्ञांनी ठरवलेली तिची एक खूण आहे. ६० किलोच्या माणसासाठी ते फक्त तीन किलो होतात. तेवढ्यावर आपण ‘जरा उतरलेत’ म्हणतो आणि पुढच्या भेटीपर्यंत थांबतो. त्याच व्याख्येत असेही म्हटले आहे, की नुसता आहार वाढवून ही झीज पूर्णपणे भरून येत नाही.

आता साखरेबद्दल. ‘गाठ साखरेवर जगते, म्हणून साखर, भात, फळे बंद’ असे ठरवून येणारे रुग्ण मला सतत भेटतात. कर्कपेशी ग्लुकोज भरपूर वापरतात, हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकातच दाखवले. पण ताटातले ग्लुकोज थांबवून रक्तातले थांबत नाही. यकृत ते तयार करत राहते आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल बराचसा स्नायूंतील प्रथिनांतून येतो. आधीच खंगत चाललेल्या माणसाचा आहार असा तोडला, तर गाठीऐवजी तोच उपाशी राहतो. युरोपातील वैद्यकीय पोषण संस्थेची मार्गदर्शक तत्त्वेही कुपोषित किंवा तसा धोका असलेल्या रुग्णाला ऊर्जा तोडणारे आहार देऊ नयेत, असेच सांगतात. मधुमेह असेल तर डॉक्टरांचा सल्ला अर्थातच वेगळा.

याच तत्त्वांनुसार रुग्णाला दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० किलोकॅलरी आणि एक ग्रॅमहून अधिक, शक्य तर दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळायला हवीत. ६० किलोच्या माणसाला ६० ते ९० ग्रॅम. आपले आजारपणातले पदार्थ इथे कमी पडतात. साबुदाण्याच्या खिरीत साबुदाण्याचे प्रथिन जवळजवळ शून्य. वरणाच्या वरच्या पाण्यात डाळ नावापुरती. नारळपाण्यात तर मुख्यतः पाणीच. एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, पेलाभर दुधातून साधारण तेवढीच. म्हणून पेज द्यायचीच तर तीत मूगडाळ शिजवून घोटावी, खिरीत दुधाची पावडर घालावी, भाजीत शेंगदाण्याचे कूट पडू द्यावे आणि तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान करावीत. तोंडाच्या कर्करोगात गिळणे अशक्य झाले, तर नाकातून नळी घालायला घरचे घाबरतात. ती नळी म्हणजे शेवट नव्हे. अनेकदा तिच्याच आधाराने रेडिएशन पूर्ण होते.

पण नुसत्या प्रथिनांनी स्नायू घडत नाहीत, त्यांना काम लागते. ‘तू फक्त आराम कर’ हे प्रेमाचे वाक्य इथे आड येते. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात : आठवड्यातून तीनदा अर्धा तास मध्यम गतीचा व्यायाम आणि दोनदा स्नायूंना ताण देणारा. त्याने उपचारातला थकवा कमी होतो. २०२५ साली याहून मोठी गोष्ट पुढे आली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी संपलेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम दिला, उरलेल्यांना आरोग्यविषयक माहिती. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटातील ९०.३ टक्के हयात होते, दुसऱ्या गटातील ८३.२ टक्के. हा निष्कर्ष सगळ्या कर्करोगांना लावता येणार नाही. हाडांत रोग पसरला असेल, प्लेटलेट्स कमी असतील किंवा ताप असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये. ज्याला खाटेवरून उठणेच जड जाते, त्याने खुर्चीतून दहा वेळा उठून बसणे हाही व्यायामच.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. आजार अगदी शेवटच्या टप्प्यात पोहोचला, की शरीर अन्न वापरूच शकत नाही. तेव्हा आग्रहाने भरवलेल्या घासाने ताकद येत नाही, त्रास मात्र होतो. त्या वेळी दोन चमचे आवडीचे, मागितले तर, एवढे पुरे. माणूस खात नाही म्हणून जात नसतो. आजाराने भूकच नेलेली असते. हे घरच्यांना वेळेवर सांगितले, तर पुढे कित्येक वर्षे बाळगावे लागणारे ओझे टळते.

त्या टप्प्याच्या खूप आधी मात्र करण्यासारखे पुष्कळ असते. निदानाच्या पहिल्याच महिन्यात डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : स्कॅनवरून स्नायूंचा अंदाज सांगाल का, आहारतज्ज्ञाकडे कधी पाठवाल, आणि कोणता व्यायाम चालेल? घरी वजनाच्या वहीत आणखी एक रकाना आखावा. आधाराशिवाय खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला किती सेकंद लागले, ते त्यात दर आठवड्याला लिहावे. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषानुसार बारा किंवा त्याहून अधिक सेकंद लागले, तर स्नायूंकडे लक्ष द्यायची वेळ झाली. तो आकडा वाढत चालला असेल, तर वजन स्थिर असले तरी पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.