काडीमोड आणि मध्यस्थ

रखमाबाईंचा खटला आमच्या वाचकभगिनींस ऐकून तरी ठाऊक असेलच. बालपणीं झालेला विवाह मान्य नसल्यामुळें त्या पतिगृहीं गेल्या नाहींत, तेव्हां दादाजी भिकाजी यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत दावा लावला. न्यायमूर्ति पिन्हे यांनीं १८८५ सालीं रखमाबाईंच्या बाजूनें निकाल दिला. अपिलांत तो फिरला. आणि १८८७ सालीं, नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत बसा, असा हुकूम झाला. टिळकांपासून मॅक्स म्युलरपर्यंत अनेकांनीं या प्रकरणावर लेखणी चालविली. परंतु त्याचा शेवट कोणा न्यायमूर्तीनें केला नाहीं. १८८८ सालीं २,००० रुपये घेऊन दादाजींनीं आपला हक्क सोडला, आणि रखमाबाई वैद्यकी शिकावयास विलायतेस गेल्या.

तडजोडीनें गांठ सुटली खरी. पण तिची किंमत कोणी मोजली, हेंही विसरूं नये.

त्या काळीं आमच्यासारख्या घरांस घटस्फोटाचा मार्गच नव्हता. बडोद्यानें तो १९३१ सालीं, मुंबई इलाख्यानें १९४७ सालीं आणि सर्व देशानें १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें मोकळा केला. परस्परसंमतीचा घटस्फोट १९७६ सालीं आला. पुढें १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानें, निवाड्यापूर्वी समेटाचा प्रयत्न करणें हें न्यायाधीशाचें कर्तव्य ठरविलें.

येथें दोन शब्दांचा घोटाळा होतो. लवाद म्हणजे निवाडा देणारा. मध्यस्थाला निवाड्याचा अधिकारच नसतो. विवाह टिकला कीं तुटला, मूल कोणापाशीं राहावें, हे प्रश्न खासगी लवादाकडे सोंपवितां येत नाहींत, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट केलें. मध्यस्थापुढें तडजोड झाली तरी विवाह संपतो तो न्यायाधीशाच्या हुकूमनाम्यानेंच. (लग्न जमवितांना मध्यस्थ लागतो हें आपल्याकडे सर्वांस मान्य, मोडतांना त्याचें नांव काढलें कीं मात्र कपाळास आंठी पडते!)

मध्यस्थ उभयतांस एकत्र व निरनिराळें बसवून ऐकून घेतो. तेथें बोललेलें खटल्यांत पुरावा म्हणून वापरतां येत नाहीं. २०२३ सालीं संसदेनें मध्यस्थीविषयीं जो स्वतंत्र कायदा केला, त्यांतही या गुप्ततेस मानाचें स्थान आहे. मामा किंवा थोरले दीर मधें पडले, तर आठ दिवसांत सर्व आळीस वृत्तांत कळतो!

खरें काम बारीकसारीक गोष्टींचें असतें. 'वडिलांस मुलाची भेट मिळावी' एवढें वाक्य लिहून कांहीं साधत नाहीं. कोणत्या वारीं, किती वाजतां, कोणाच्या घरीं. गणपतींत कोठें, दिवाळींत कोठें, मे महिन्याची सुटी कशी वांटावयाची. आजारपणीं भेट चुकली तर ती भरून केव्हां द्यावयाची? शाळेची फी दरसाल वाढते, ती कोण भरणार? दागिन्यांची यादी नगवार करावी; स्त्रीधन हें स्त्रीचेंच, नवरा तें केवळ सांभाळणारा, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालींच सांगितलें आहे. सुटका लवकर व्हावी म्हणून मुलाच्या पोटगीवर पाणी सोडण्यास कित्येक माता तयार होतात. तो हक्क मुलाचा; आईला तो सोडून देतां येत नाहीं.

माझा आक्षेप निराळ्याच ठिकाणीं आहे. मध्यस्थीच्या नांवाखालीं 'जरा सांभाळून घे' हा जुनाच उपदेश पुष्कळदां एकट्या सुनेस केला जातो. जेथें मारहाण आहे, जेथें नवऱ्यासमोर बायकोच्या तोंडून शब्द फुटत नाहीं, तेथें समोरासमोर बसविणें ही मध्यस्थी नव्हे. अशा स्त्रीनें निराळ्या खोलींत बोलावयाचें आहे असें आधींच सांगावें. इतकेंही भय असेल, तर न्यायालयाचें संरक्षण आधीं मागावें. सही करण्यापूर्वीं कागद घरीं नेऊन वकिलांस दाखविण्यास मुदत मागावी. ती कोणी नाकारूं लागला, तर उठून यावें. खटला जेथें होता तेथेंच राहतो.