अंगठा देण्याआधी विचारा

ताई, जन्म चुलीपुढं गेलेल्या सासूबाईंना बारमाही खोकला, चार पावलं चाललं की धाप. हा सीओपीडी असू शकतो. बिडी न ओढता नुसत्या धुरानंही होतो. अशा पेशंटला मोठ्या दवाखान्यात कधी विचारतात, "नव्या औषधाच्या चाचणीत येता का?" घाबरू नका, हुरळूनही जाऊ नका.

चाचणी म्हणजे औषध लागू पडतं का, हे अजून ठरायचंय. काहींना नवं औषध मिळतं, काहींना जुनंच, कधी नुसती दिसायला सारखी, बिनऔषधाची गोळी. कुणाला काय, ते चिठ्ठ्या टाकल्यागत ठरतं. म्हणून पहिलं विचारा, चालू पंपाचं काय? तो आपल्या मनानं बंद करायचा नाही.

कागद समजेल अशा भाषेत सांगायलाच हवा. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. (कर्जाच्या कागदावर आपण डोळे झाकून सह्या करतो, तसं इथं नको.) 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळं इजा झाली तर उपचार फुकट, भरपाईही. मधेच सोडता येतं, त्यापायी नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. कागदाची प्रत मागून घरी आणा. तक्रारीसाठी नीतीसमितीचा नंबर त्यावरच असतो.