कुपोषण, रानभाज्या आणि आपले पक्के समज

जूनच्या पहिल्या सरी पडल्या की ठाणे, कल्याण, वसईच्या बाजारांत आदिवासी बाया शेवळाच्या जुड्या मांडून बसतात. जुडीबरोबर मूठभर काकडंही देतात. काकडं म्हणजे हिरवी, आंबट, गोटीएवढी फळं. नवखं गिऱ्हाईक ती फुकटची म्हणून बाजूला ठेवतं, घरी जाऊन नुसतीच भाजी परततं आणि मग घसा धरून बसतं. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. म्हणून विकणारी बाई बजावून सांगते: कळीच्या आतला पिवळा भाग काढून टाका, काकडं वाटून त्याच्या आंबटात भाजी शिजवा. कडूकंदाचं याहून किचकट. काप करायचे, उकडायचे, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे, तेव्हा कुठे विषारी कडवटपणा जातो आणि कंद खाण्याजोगा होतो.

हे एवढं सांगितलं, कारण आदिवासी भागातल्या पोषणाची चर्चा निघाली की पहिलं वाक्य हमखास येतं, ‘त्यांना काय खावं तेच कळत नाही.’ टाकळा कोवळा असतानाच का खुडायचा, कुर्डूचा पाला कुठवर चालतो, बांबूचे वासते किती पाण्यातून काढायचे, हे ठाकर, कातकरी, कोरकू किंवा पावरा घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असतं. आपल्या सोसायटीतल्या कितीजणांना ते सांगता येईल? कमी पडतं ते दुसरंच काही. ते नीट ओळखलं नाही की चांगल्या हेतूचा कार्यक्रमही भलत्याच दाराशी जाऊन उभा राहतो.

आता नेमका उलटा समज. ‘रानात सगळं मिळतं, रानभाज्या खाल्ल्या की कुपोषण कसलं?’ राज्याच्या कृषी विभागाने २०२० पासून ९ ऑगस्टला, म्हणजे जागतिक आदिवासी दिनी, जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव सुरू केले. चांगली गोष्ट आहे. करटोली, भारंगी, लोत, कवळा ही नावं शहराला कळली, विकणाऱ्या बायांच्या हातात चार पैसे आले. पण रानभाजी बहुतेक पावसाळ्याची, चार महिन्यांची पाहुणी. शिवाय पालेभाजीत जीवनसत्त्वं आणि खनिजं असली तरी ऊर्जा फारच थोडी, शंभर ग्रॅममागे साधारण ३० ते ५० किलोकॅलरी. तेलाच्या एका छोट्या चमच्यात जवळपास तेवढीच असते. वर्षाच्या पोराला टोपलंभर पाला खाऊ घालणं शक्य नाही आणि त्याचं वजन त्याने वाढायचंही नाही. त्याला तेल, डाळ, दाणे, अंडं लागतं. महोत्सवातला स्टॉल पाहून कुपोषणावर उतारा मिळाल्यासारखं बोलणारे पाहुणे हे विसरतात. आणि जंगलात जायची मोकळीक असेल तरच रान खायला मिळतं. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला, पण ज्या गावाचा दावा अजून फायलीत पडून आहे तिथल्या बाईला डिंक-कंद आणताना वनरक्षकाचा धाक असतोच.

बाळाच्या खाण्याबाबत एक समज शहर आणि पाडा दोन्हीकडे सारखाच आहे: ‘घट्ट ते पौष्टिक, पातळ ते निकस.’ पाण्याने पातळ केलेल्या पेजेबाबत तो खराही आहे. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २४० मिली मावतं. त्यात निम्मं पाणीच गेलं तर पोट भरतं, अंग भरत नाही. उलट लापशी घट्ट केली तर बाळाला गिळवत नाही, दोन घास खाऊन ते तोंड फिरवतं. ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे तीव्र कुपोषित मुलांना अंगणवाडीतच काही आठवडे दिवसातून अनेकदा खाऊ घालण्याच्या कार्यक्रमात, यावर एक साधा उपाय वापरतात. गहू, बाजरी किंवा नाचणीला मोड आणायचे, वाळवायचे, हलकं भाजून दळायचं. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं. घट्ट लापशी शिजवून खाली उतरवली, जरा निवू दिली आणि त्यात हे पीठ चमचाभर घोटलं की डोळ्यांदेखत ती सैल होते. पाण्याचा थेंबही वाढत नाही, विकर पिष्टाच्या लांब साखळ्या तोडतं म्हणून ती ओघळायला लागते. पीठ तेवढंच, ऊर्जा तेवढीच आणि बाळ गटागटा पितं. उकळत्या लापशीत टाकलं तर विकर मरतं आणि काहीच होत नाही. सेविकेच्या प्रशिक्षणात हे ‘एआरएफ’ म्हणून शिकवतात, पण ज्या आजीने आयुष्यभर मोड काढून नाचणीचं सत्त्व केलं तिला यात नवं काय आहे? प्रशिक्षणाची सुरुवात त्या आजीपासून केली तर निम्मा वेळ वाचेल, असं माझं मत.

नाचणीचा विषय निघाला आहे तर त्याबद्दलचेही दोन समज पाहू. एक, ‘नाचणी म्हणजे लोहाची खाण.’ हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांप्रमाणे शंभर ग्रॅम नाचणीत लोह ४.६ मिलिग्रॅम आहे. गव्हाच्या पिठात ४.१ असतं आणि बाजरीत ६.४. म्हणजे लोहासाठी नाचणीला डोक्यावर घ्यायचं कारण नाही. शिवाय तिच्यातलं फायटेट आणि टॅनिन लोह शोषू देत नाही, मोड आणले किंवा सोबत लिंबू, आवळा घेतला तर जरा बरं. नाचणीचा खरा मोठेपणा कॅल्शियमचा: ३६४ मिलिग्रॅम. सडीक पांढऱ्या तांदळात तेच साडेसात! रेशनचा तांदूळ घरात आला आणि नाचणी गेली तेव्हा ताटातून काय गेलं ते या दोन आकड्यांत दिसतं.

दुसरा समज असा की आदिवासींना पांढरा भात आवडू लागला म्हणून त्यांनी नाचणी-वरई टाकली. आवडीचा भाग असेल थोडा. पण नाचणी म्हणजे उताराच्या वरकस जमिनीवर पावसात वाकून केलेली लावणी, हाताने कापणी, झोडणी आणि शेवटी पदरात पडणारं मोजकं धान्य. दुसरीकडे अन्नसुरक्षा कायद्याखाली तांदूळ आधी तीन रुपये किलो आणि जानेवारी २०२३ पासून फुकट. केंद्राने २०२४-२५ साठी नाचणीला ४,२९० रुपये क्विंटल आधारभूत भाव जाहीर केला, साध्या भाताला २,३००. कागदावर नाचणी वरचढ आहे, पण खरेदी केंद्र जिथे भातासाठीच उघडतं तिथे त्या भावाला कोण विचारतो? गंमत म्हणजे पाड्यावर मागं पडत चाललेली वरई शहरात भगर होऊन उपासाला चढ्या भावाने खपते.

सगळ्यांत हट्टी समज मात्र गरोदरपणाचा. ‘जास्त खाल्लं तर पोर मोठं होतं, मग सुटका अवघड.’ हा काही अडाणीपणा म्हणून झिडकारण्यासारखा नाही. जिथे दवाखाना डोंगरापलीकडे आणि गाडी मिळेल की नाही याचा भरवसा नाही, तिथे अडलेलं बाळंतपण म्हणजे मरण, हे सासूने पाहिलेलं असतं. तिची भीती खरी आहे, उपाय तेवढा चुकीचा. आईच्या उपाशीपणाने बाळ कमी वजनाचं होतं, बाळंतपण सोपं होत नाही. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला थोडा रक्तस्रावही जिवावर बेततो. सासूला हे पटतं, पण दवाखान्याची गाडी वेळेवर येते असा अनुभव आल्यावर.

आदिवासी भागात २०१५ च्या अखेरीस सुरू झालेली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना इथे महत्त्वाची. गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी आई यांना अंगणवाडीत दिवसातून एक चौरस गरम जेवण: भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं. सुरुवातीला एका ताटाला २२ रुपये धरले होते. पुढच्या वर्षी सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी जोडली गेली. यावर नेहमी विचारतात, ‘एवढी दगदग कशाला? शिधा घरी नेऊ द्या.’ घरी नेलेला शिधा घराचा होतो. चुलीवर चढतो, सगळ्यांच्या ताटात जातो आणि सून शेवटी बसते. तिच्या वाट्याला तळाचं येतं. अंगणवाडीत बसून खाल्लेलं जेवण तिच्या एकटीच्या पोटात जातं, आणि बरोबरीच्या चार बाया खाताना दिसल्या की खाण्याची लाजही जाते. स्वयंपाकाचं सामान गावातल्या बायांची आहार समिती आणते, म्हणून वाल कुठला, भाजी कोणाच्या परसातली, हे तिथल्या तिथे ठरतं. बाहेरून सीलबंद येणाऱ्या पाकिटाला ही सोय नाही. अडतं ते पैशाशी. अनुदान महिनोन् महिने रखडतं, वाण्याची उधारी वाढते आणि पाड्यावर लोक अंगणवाडीच्या ताईलाच विचारतात, अंडी का बंद झाली म्हणून.

अंड्यांवरून वादही बरेच होतात, मात्र ते बहुतेक पाड्याबाहेरचे. राज्यातले बहुसंख्य आदिवासी समाज अंडी, मासे, खेकडे, मटण आनंदाने खातात. जे खात नाहीत त्यांच्यासाठी केळ्याची सोय आहेच.

मोहाचं नाव काढलं की लोकांना दारूच आठवते. वाळवलेली मोहफुलं भाजून, कुटून, तिळाबरोबर लाडू करून खाणं ही गोंड, कोरकू, भिल्ल घरांतली जुनी चाल आहे, आणि बियांचं तेल स्वयंपाकाला चालतं. फुलात साखर भरपूर असल्याने तो खाऊच आहे. औषध म्हणून विकणाऱ्यांपासून मात्र लांब राहावं.

एक समज तर तब्येतीला थेट धोक्याचा आहे: ‘रक्त कमी म्हणजे लोह कमी. पालक, बीट, गोळ्या द्या.’ बऱ्याच जणींना लोहाची खरंच गरज असते. पण नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत भिल्ल, पावरा, गोंड, माडिया अशा अनेक समाजांत सिकलसेल आढळतो. हा आजार जनुकांतून येतो, खाण्यापिण्यातून नाही. आई आणि बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यांतलं लोह शरीरातच राहतं, वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात तर ते साचून अपायही करतं. अशा रुग्णाला फॉलिक आम्ल लागतं. लोह द्यायचं की नाही हे तपासणी करून डॉक्टरने ठरवायचं. रक्ताचे दोन थेंब घेऊन सोल्युबिलिटी चाचणी गावातच होते, पक्कं निदान मोठ्या दवाखान्यात. जुलै २०२३ मध्ये देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तिचा मुख्य भर याच तपासणीवर आहे. आणि कमी रक्ताची बाई दिसली की ‘खात नाही’ म्हणून तिलाच रागावण्याआधी ही चाचणी झाली आहे का, ते विचारावं.

गावरान बियाण्यांच्या बँका म्हणजे हौशी लोकांचं संग्रहालय, असंही ऐकू येतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा वर्तमानपत्रांतून फोटो भरपूर आले, व्यवहार मात्र फारसा कुणी सांगितला नाही. तिथे बियाणं उसनं मिळतं आणि पीक आल्यावर दुप्पट परत करायचं असतं. वाल, घेवडे, भोपळे, दोडके परसातच पिकले की आठवडी बाजारात पैसे न मोजता कडधान्य आणि भाजी घरात येते. ‘बायफ’ या संस्थेने या कामाला हात दिला, पण राखण घरच्या बायांचीच आहे.

शेवटचा समज योजनांच्या आकड्यांबद्दल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी आणि २५.६ टक्के रोडकी भरली. चार-पाच वर्षांपूर्वीच्या पाहणीतही आकडे जवळपास तेच होते. यावरून काहीजण म्हणतात, ‘एवढं देऊनही काही होत नाही, कारण त्यांना घ्यायचंच नसतं.’ पण दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातली, मेळघाटातली, सातपुड्यातली कितीतरी घरं वीटभट्टीवर, ऊसतोडीला, बांधकामावर निघतात ती होळीला किंवा पाऊस आला की परततात. ताट गावच्या अंगणवाडीत आणि बाई भट्टीवर. तीव्र कुपोषित म्हणून दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली भरलेलं पोरही तिच्याच पाठीवर असतं.

हे देणं उपकार नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमानुसार गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने मोफत जेवण मिळणं हा बाईचा हक्क आहे, आणि पाचव्या कलमाने तो सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांनाही दिला आहे. कायद्याने त्यासाठी स्थानिक अंगणवाडी नेमली आहे. भट्टीवर गेलेल्या आईने तिथल्या जवळच्या अंगणवाडीत नाव सांगितलं तर ‘तुमचं गाव वेगळं’ म्हणून तिला परत पाठवता येत नाही. गाव सोडताना माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर ठेवावं, मुलाचं वजन आणि दंडघेर त्यात लिहून घ्यावा, आणि रेशनकार्डावर दुसऱ्या गावातही धान्य उचलता येतं हे भट्टीच्या मुकादमाला ऐकवावं.