शिष्यवृत्तीच्या अटीत न मावणारी प्रतिभा

तंजावरचे शास्त्र विद्यापीठ २००५ पासून तरुण गणितज्ञांना रामानुजन पारितोषिक देते. वयोमर्यादा ३२ वर्षे, कारण रामानुजनांना आयुष्य तेवढेच लाभले. या उपक्रमाचे मला कौतुक आहे. चिंता वाटते ती सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची. तंजावरजवळच्या कुंभकोणम येथे सरकारी महाविद्यालयात शिकत असताना रामानुजनांची शिष्यवृत्ती गेली, ती इंग्रजीत अनुत्तीर्ण झाल्यामुळे. पुढे मद्रासमध्येही गणितेतर विषयांनी त्यांना एफ. ए.ची परीक्षा ओलांडू दिली नाही. अखेर १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाने, पदवी नसतानाही, त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. म्हणजे नियमाला मुरड घालता येत होती! मात्र त्याआधी केंब्रिजहून हार्डी यांची दाद यावी लागली.

आज गणित ऑलिम्पियाड आहे, मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची त्यासाठीची शिबिरे आहेत. पण तेथेही कसोटी लागते ती दुसऱ्याने काढलेले प्रश्न ठरावीक वेळेत सोडवण्याची. स्वतःच प्रश्न रचणाऱ्या मुलाची वही कोण वाचणार? कुंभकोणमच्या त्या विद्यार्थ्याची खरी उत्तरपत्रिका तर वहीच होती. शिष्यवृत्तीच्या निवड समितीवर अशी वही वाचू शकणारे दोन जाणकार शिक्षक असावेत आणि एका विषयातील अपयशाने ती लगेच बंद होऊ नये, एवढीच माझी सूचना आहे.