उडालेला रंग पुन्हां कसा चढेल?

कन्नड तालुक्यांतील देवगांव रंगारी हें नांव उच्चारलें कीं कापड रंगविणाऱ्यांचा जुना व्यवसाय डोळ्यांपुढें उभा राहतो. त्या व्यवसायांतील एक साधें तत्त्व असें कीं, रंग नुसता चढवून भागत नाहीं, तो कापडानें धरला पाहिजे. मंजिष्ठेच्या रंगांत बुडविण्यापूर्वीं कापडाला तुरटीचें पाणी द्यावें लागतें. तें चुकलें तर दोनचार धुण्यांतच लाली उतरते. लोकांच्या मनावर चढलेला आणि पुढें उतरलेला रंग पुन्हां कसा बसवावा, हा प्रश्न मोटारींच्या बाबतींतही पडतो. त्याचें बोलकें उदाहरण याच जिल्ह्यांत, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतींत, पाहावयास मिळतें.

ऑक्टोबर २०२५ मध्यें स्कोडा कंपनीनें ऑक्टेव्हिया आर. एस. ही वेगवान मोटार भारतांत पुन्हां आणली. गाड्या अवघ्या १००, किंमत सुमारें ५० लाख रुपये. तरीही त्या हांहां म्हणतां संपल्या. आमच्या घरांतील तरुण मंडळींनीं ही वार्ता मोठ्या उत्साहानें सांगितली, तेव्हां ओसरीवर बसलेल्या तात्यांनीं एवढेंच विचारलें, "शंभर घरांत गाडी गेली हें खरें रे, पण तिचा लौकिक परत आला काय?" प्रश्न खोचक होता, पण मुद्द्याचा होता.

या गाडीचा लौकिक एके काळीं खरोखरच मोठा होता. २००१ साली ऑक्टेव्हियाच्या रूपानें स्कोडा भारतांत आली आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत गाड्यांची जुळणी सुरू झाली. २००४ मध्यें तिची आर. एस. आवृत्ति निघाली. टर्बो बसविलेलें पेट्रोल इंजिन आणि १५० अश्वशक्ति, हा योग त्या वेळीं आपल्या रस्त्यांवर विरळाच होता. पुढें २०११ मध्यें लॉरा आर. एस., २०१७ मध्यें २३० आणि २०२० मध्यें २४५ अश्वशक्तीची ऑक्टेव्हिया, अशी ही परंपरा चालली. परंतु तिच्याविषयींच्या प्रेमाचें खरें कारण केवळ वेग नव्हे. चार दरवाजे, ऐसपैस बैठक आणि मागें सामानास सुमारें ६०० लिटरांची जागा! वडीलधाऱ्यांना घेऊन देवदर्शनास जावें, आणि रिकाम्या रस्त्यावर एकट्यानें मन मोकळें करावें, हीं दोन्हीं कामें एकाच गाडीनें होत. एकत्र कुटुंबांत तरुणाच्या हौसेला वडिलांची संमति मिळवून देणारी अशी गाडी दुर्मिळच.

मग रंग उतरला कां? एक तर गाडी सलग मिळत राहिली नाहीं. थोड्या संख्येनें यावी आणि दिसेनाशी व्हावी, असा प्रकार झाला. दुसरें, २०१७ मध्यें सुमारें २५ लाखांस मिळणारी वस्तु आठ वर्षांत दुपटीवर गेली. शेवटची आवृत्ति तयार स्वरूपांत परदेशांतून आली, आणि तिच्यावर आयात-कराचा भार पडला. तिसरें कारण सर्वांत नाजूक आहे: दुरुस्ती महाग पडते, ही कुरकूर मालकवर्गांत दीर्घकाळ चाले. अलीकडच्या वर्षांत कंपनीनें देखभालीचा खर्च उतरविण्यावर आणि हमीची मुदत वाढविण्यावर भर दिला, यावरून ती कुरकूर तिच्या कानीं पोंचली होती असें दिसतें.

येथें या कारखान्याची जन्मकथा मोठी अर्थपूर्ण वाटते. बोहेमियांतील क्लेमेंट नांवाच्या पुस्तकविक्रेत्याची जर्मन सायकल बिघडली. त्यानें कारखान्यास आपल्या मातृभाषेंत, चेक भाषेंत, पत्र लिहिलें. उत्तर आलें तें असें कीं, समजेल अशा भाषेंत लिहा! तो स्वाभिमानी गृहस्थ लॉरिन या कारागिराशीं मिळाला, आणि १८९५ मध्यें दोघांनीं स्वतःच्या सायकली सुरू केल्या. त्यांतूनच पुढें मोटारी निघाल्या, आणि १९२५ मध्यें तो व्यवसाय स्कोडांत विलीन झाला. म्हणजे दुरुस्तीची दाद न लागल्यामुळें ज्या संस्थेचा जन्म झाला, तिनें दुरुस्तीविषयीं बेफिकीर राहणें हें कुळास शोभणारें नव्हे.

गेलेला मान परत मिळतो, याचा दाखलाही तिच्याच इतिहासांत आहे. १९८० च्या दशकांत इंग्लंडांत स्कोडा हा थट्टेचा विषय होता. १९९१ मध्यें फोक्सवागेन समूहांत गेल्यावर गाड्या सुधारल्या, आणि मग थट्टा थांबली. फ्रान्समधील आल्पीन ही छाप १९९५ मध्यें बंद पडली होती. २०१७ मध्यें ती परतली, तेव्हां तिनें जुन्या गाडीचा हलकेपणा आणि चपळाई राखून सुमारें ११०० किलोंची नवी ए ११० बनविली. जाणत्यांनीं तिला उचलून धरलें. उलट इटलीच्या लान्चियानें जागतिक रॅलींत उत्पादकांचें अजिंक्यपद दहा वेळां मिळविलें, पण पुढें तिची मजल एका लहानशा गाडीवर आणि एकाच देशावर आली. २०२४ पासून ती पुन्हां उभी राहूं पाहत आहे. तात्पर्य हें कीं, पूर्वजांचा पराक्रम भिंतीवर टांगून घर चालत नाहीं.

तेव्हां मार्ग स्पष्ट आहे. नांवाची पट्टी साध्या गाडीस चिकटवूं नये. घरच्यांस सोयीची आणि चालविणाऱ्यास आनंदाची, हें मूळचें ब्रीद सोडूं नये. शंभरांचा उत्सव करण्यापेक्षां येथेंच जुळणी करून, ऐपतींत बसेल अशी गाडी सातत्यानें द्यावी. आणि दहा वर्षांच्या गाडीचा सुटा भागही वाजवी दरांत, वेळेवर मिळावा. कारण जुन्या गाडीचा समाधानी मालक ही जी जाहिरात करतो, ती पैशानें विकत मिळत नाहीं.

हें सर्व ऐकून तात्या म्हणाले, "म्हणजे रंग आहेच, तुरटी कमी पडली." देवगांवच्या रंगाऱ्यांनींही याहून वेगळें सांगितलें नसतें.